बारामती २०२४ : एक घर, दोन चिन्हे आणि मतदारांनी काढलेला तोडगा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीतून सुप्रिया सुळे यांना ७,३२,३१२ मते पडली आणि सुनेत्रा पवार यांना ५,७३,९७९. फरक १,५८,३३३ मतांचा. या मतदारसंघात सहा विधानसभा विभाग येतात : बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला. खडकवासला सोडून बाकी पाचही ठिकाणी सुप्रियाताई पुढे होत्या. खुद्द बारामती विभागात, जिथले आमदार त्यांचे चुलत भाऊ अजित पवार होते, त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली.

सहा महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्याच बारामती विभागात अजित पवार यांना १,८१,१३२ मते मिळाली. समोर सख्खा पुतण्या होता, युगेंद्र पवार. त्याला ८०,२३३. फरक १,००,८९९.

मे महिन्यात एका बाजूला ४८ हजार, नोव्हेंबरात दुसऱ्या बाजूला लाख. विधानसभेला मतदान वाढले होते, जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले होते, राज्यभराची हवाही बदलली होती, हे सगळे खरे. तरी एवढा झोका त्यातून पुरता उलगडत नाही. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ (ताई म्हणजे सुप्रिया सुळे, दादा म्हणजे अजित पवार) हे वाक्य बारामतीत लोकांच्या तोंडी होते, आणि हजारो घरांनी ते शब्दशः अमलात आणले. नेत्यांच्या घराला जे जमले नाही ते मतदारांच्या घरांनी कसे जमवले, यासाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

नाती आणि खुर्च्या

सुप्रिया सुळे या शरद पवार यांच्या कन्या. शरद पवार यांचे थोरले बंधू अनंतराव, त्यांचे चिरंजीव अजित आणि श्रीनिवास. सुनेत्रा या अजित पवारांच्या पत्नी, माहेरच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पाटील घराण्यातल्या. म्हणजे लोकसभेची लढत नणंद-भावजयीची होती. विधानसभेला श्रीनिवास यांचा मुलगा युगेंद्र उभा राहिला, तेव्हा ती काका-पुतण्याची झाली.

खुर्च्यांची वाटणी तीस वर्षांपेक्षा जुनी होती. १९९१ मध्ये अजित पवार बारामतीतून लोकसभेवर गेले आणि काका संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांच्यासाठी जागा सोडली. त्यानंतर ते विधानसभेत आले. पुढे दिल्ली साहेबांची, म्हणजे शरद पवारांची, आणि मुंबई दादांची. २००९ पासून दिल्लीची जागा ताईंकडे आली. गावकऱ्यांना या वाटणीची सवय झाली होती : उसाचे, पाण्याचे, रस्त्याचे, पोलीस ठाण्याचे काम असेल तर दादांकडे, दिल्लीच्या कामाला आणि घरच्या लग्नाकार्याला ताई. ही सवय ध्यानात ठेवावी, कारण मतदारांनी शेवटी तीच वापरली.

आणखी एक गोष्ट या घराच्या पोटात आहे. १९६० मध्ये बारामती लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाकडून शरद पवारांचे थोरले भाऊ वसंतराव उभे होते. संयुक्त महाराष्ट्राचे वातावरण, आई शारदाबाईंचा कल शेकापकडे, आणि विशीतल्या शरदने प्रचार केला काँग्रेसचा, म्हणजे भावाच्या विरोधात. वसंतराव हरले. घर मोडले नाही. ज्याच्या विरोधात प्रचार झाला त्या भावानेच त्याची निष्ठा समजून घेतली होती.

तेव्हाचा वाद विचारांचा होता. धाकटा भाऊ स्वतः उमेदवार नव्हता, भावाची जागा मागत नव्हता, आणि घरात वाटून घ्यायचे असे काही नव्हतेच. २०२४ मध्ये मात्र वाटून घ्यायचे पुष्कळ होते : पक्षाचे नाव, चिन्ह, संस्था, कार्यकर्ते आणि ‘पुढचा कोण’ या प्रश्नाचे उत्तर. राजकीय मतभेद घराला सोसतात की नाही, हे आम्ही आधी इथे तपासू. भांडणाऱ्यांना एकमेकांचे मत पटत नाही, की एकमेकांची जागा हवी आहे? दुसरे असेल तर विचारांवर कितीही चर्चा करा, गाठ सुटत नाही.

फूट कशी वाढत गेली

१० जून २०२३ ला सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल यांना राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे कार्याध्यक्ष केले गेले. २ जुलैला अजित पवारांनी आठ सहकाऱ्यांसह शपथ घेतली आणि ते शिंदे-फडणवीस सरकारात उपमुख्यमंत्री झाले. ५ जुलैला मुंबईत दोन मेळावे भरले. वांद्र्याच्या मेळाव्यात पुतण्याने काकांचे वय काढले, थांबणार कधी असे विचारले. यशवंतराव चव्हाण सेंटरच्या मेळाव्यात लेकीने उत्तर दिले : आमच्यावर बोला, बापावर बोलायचे नाही.

पहिली मोठी चूक इथे झाली असे आमचे मत आहे. निवृत्तीचा मुद्दा पक्षात रास्तच होता. पण घरातल्या थोरल्याला ‘आता बसा’ म्हणायचे असेल तर ते माजघरात म्हणायचे असते. माईकवर म्हटले की तो सल्ला राहत नाही, अपमान होतो. मग ऐकणारा त्या मुद्द्याचा विचार करतच नाही. लोक बाजू घेतात, आणि मराठी माणूस अशा वेळी सहसा म्हाताऱ्याची घेतो.

दुसरी चूक उलट दिशेची. १२ ऑगस्टला पुण्यात एका उद्योजकाच्या घरी काका-पुतणे भेटले. गाजावाजा झाल्यावर साहेबांनी सांगितले की पुतण्याला भेटण्यात गैर काय, घरातला वडीलधारा मीच आहे. घरापुरते ते बरोबर होते. पण गावोगावच्या कार्यकर्त्याने तोवर शेजाऱ्याशी, मेव्हण्याशी, कधी सख्ख्या भावाशी बोलणे टाकले होते. ‘ते आतून एकच आहेत, आपणच वेडे ठरलो’ अशी त्याची अवस्था. घरगुती भेट आणि राजकीय भेट यांच्यात उघड सीमा नसली की खालच्या माणसाला दोन्हीकडून मार बसतो. भेटी बंद करण्याची गरज नव्हती. सण, आजारपण, लग्न यांसाठी उघड जायचे आणि बाकी बोलणी पक्षाच्या कार्यालयात करायची, एवढी शिस्त पुरली असती. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ताई काटेवाडीला भावाकडे गेल्या, तेव्हा कुणाचा संभ्रम झाला नाही, कारण भाऊबीज म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक असते.

सून बाहेरची?

३० मार्च २०२४ ला दोन्ही उमेदवार जाहीर झाले, १८ एप्रिलला दोघींनी अर्ज भरले. या दोन तारखांच्या मध्ये जे बोलले गेले ते या प्रकरणातले सर्वांत जिव्हारी लागणारे.

अजित पवारांनी सभांतून मांडणी केली ती नात्याची. आधी मुलाला निवडून दिलेत, मग वडिलांना, मग लेकीला. आता सुनेला द्या. पवार आडनाव दिसेल तिथे बटण दाबा. प्रचाराच्या अंगाने युक्तिवाद हुशारीचा होता. ज्याला साहेबांशी बेइमानी केल्यासारखे वाटत होते त्याची अडचण त्यात सुटत होती, कारण मत पवारांच्या घरातच राहणार होते. सुळे हे सासरचे आडनाव आहे, हा त्यातला न बोललेला भाग.

त्यावर शरद पवार म्हणाले की मूळ पवार वेगळे आणि बाहेरून आलेले पवार वेगळे. सुनेत्रा पवारांना पत्रकारांनी याबद्दल विचारले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. साहेबांनी नंतर खुलासा केला, पण शब्द सुटला होता.

सुनेच्या बाबतीत हा शब्द इतका का लागतो? ज्या मुलीने चाळीसेक वर्षे एका घराचे उंबरे झिजवले, काटेवाडीत ग्रामस्वच्छतेचे काम उभे केले, सासरचे देवधर्म, पाहुणेरावळे, आजारपणे पाहिली, तिला ‘बाहेरची’ म्हणणे म्हणजे तिच्या सगळ्या जगण्याचा हिशेब पुसणे. प्रत्येक घरात एक तरी बाई असते जिला हे कधी ना कधी ऐकावे लागले आहे. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच दुखणारे होते. लग्न झालेल्या लेकीचे आडनाव बदलले म्हणून बापाच्या गावावरचा तिचा हक्क संपतो, असे त्या ‘पवार दिसेल तिथे’मध्ये दडले होते. एका वाक्याने सून दुखावली, दुसऱ्याने लेक. दोन्ही वाक्ये पुरुषांनी उच्चारली. उभ्या बायका होत्या.

नात्याचा वापर व्यासपीठावर युक्तिवाद म्हणून एकाने सुरू केला की दुसऱ्याला नात्यातच उत्तर द्यावे लागते. खासदाराने संसदेत काय केले, दुष्काळी गावांना पाणी कधी मिळणार, केंद्रात कुणाचे सरकार हवे, यावर दोघी उमेदवारांची तुलना करता आली असती आणि त्यात कुणाच्या डोळ्यांत पाणी आले नसते. घराघरांत हेच होते. ‘तुझं मत मला पटत नाही’ इथून सुरू झालेले बोलणे ‘तुमच्या माहेरचे सगळे तसलेच’ इथे पोहोचले, की निवडणूक बाजूला पडते आणि दुखणे वर्षानुवर्षे राहते. त्या वळणावर कुणीतरी ताटावरून उठण्याआधी विषय बदलणे, हा भित्रेपणा नव्हे.

घड्याळ, तुतारी आणि आजीबाई

६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिले. १९६८ च्या चिन्हे आदेशाच्या १५ व्या परिच्छेदाखाली असे वाद सुटतात. संघटनेतले बहुमत कुणाकडे हे आयोगाला ठरवता आले नाही, म्हणून विधिमंडळातल्या बहुमताची कसोटी लावली गेली. दुसऱ्या गटाला ‘राष्ट्रवादी काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार’ हे नाव आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचे अनावरण झाले. १९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने घड्याळाच्या जाहिरातींत ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ अशी सूचना छापायला सांगितले ; साहेबांचे नाव-छायाचित्र न वापरण्याची हमीही त्या गटाला द्यावी लागली.

घरातल्या मतभेदाशी याचा थेट संबंध आहे. पक्ष १९९९ चा. पाच लोकसभा निवडणुकांत बारामतीतल्या आजीबाईंनी घड्याळ पाहून बटण दाबले होते. आता घड्याळ म्हणजे वहिनी आणि ताई म्हणजे तुतारी, हे सांगायला मतदानापर्यंत फार तर अडीच महिने होते. मतदान ७ मे. उमेदवार ३८, एका यंत्रावर १६ बटणे मावतात, ‘नोटा’ धरून ३९, म्हणजे तीन बॅलेट युनिटे शेजारी शेजारी. त्यात एका अपक्षाला मिळालेले ‘ट्रम्पेट’ मराठीत ‘तुतारी’ म्हणूनच छापले गेले. बारामतीत निकाल फिरला नाही. साताऱ्यात याच पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि त्या चिन्हाच्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली. दिंडोरीत तशाच एका अपक्षाला लाखावर मते गेली. 

म्हातारीला चिन्ह शिकवणारा घरातलाच असतो, नातू किंवा सून. दोन पक्ष असलेल्या घरात मग प्रश्न उभा राहतो : नातू खरे शिकवतो की स्वतःचे खपवतो? आमच्या मते यावर एकच सरळ उपाय आहे. नमुना मतपत्रिका समोर ठेवायची, दोन्ही चिन्हे दोन्ही नावांसह दाखवायची, आणि कुठले दाबायचे ते विचारायचेही नाही, सांगायचेही नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते. ती पाहून ये, एवढे सांगितले की पुरे. मताची गुप्तता मतदान-मतमोजणीच्या कामावरच्या प्रत्येकावर कायद्याने बंधनकारक आहे, पण तिची खरी गरज घरात असते. सासूला सुनेपासून, मुलाला बापापासून.

गावात पणाला काय लागले होते

शहरातल्या घरात राजकीय वाद म्हणजे बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरचा वाद. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तसे नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था : एका घरात एक भाऊ कारखान्यात, दुसऱ्याचे पीककर्ज सोसायटीत, मुलगी संस्थेच्या महाविद्यालयात. ऊसतोडीची पाळी कधी येणार यावर हंगाम ठरतो. अशा घरात बाजू उघड करणे म्हणजे नुसते मत मांडणे नव्हे, जोखीम घेणे. सहापैकी चार विभागांचे आमदार महायुतीचे होते, बहुतेक स्थानिक पदाधिकारी दादांबरोबर होते. तरी निकाल उलटा लागला, कारण माणसे सभेला एकीकडे गेली, मत दुसरीकडे दिले आणि घरी येऊन गप्प बसली.

गप्प बसणेही पूर्ण सुरक्षित नसते, हे इथे सांगितले पाहिजे. मतमोजणी केंद्रनिहाय होते. तेव्हा एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार असत, त्यामुळे कुठली वाडी कुठे झुकली ते दुपारपर्यंत कळते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजण्याची सोय सुचवली गेली आहे, पण आपल्याकडे ती लागू झालेली नाही. निकालानंतर गावपातळीच्या कार्यकर्त्याला ‘तुमच्या बूथवर मागे कसे?’ हा प्रश्न येतो आणि त्याचा संशय पहिला भावकीवर जातो. म्हणून एकाच घरातल्या दोघांनी समोरासमोरच्या उमेदवारांचे बूथप्रमुख किंवा मतदान प्रतिनिधी होऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. २०२४ मध्ये मतदान केंद्रापासून २०० मीटरच्या बाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्यांची परवानगी होती. त्या टेबलांवर दिवसभर समोरासमोर बसलेले सख्खे भाऊ संध्याकाळी एका पंगतीला बसणे अवघड. पक्षाचे कामच करायचे असेल तर एकाने दुसऱ्या गावची जबाबदारी घ्यावी.

बारामती एकटी नव्हती. मुंबई वायव्यमध्ये गजानन कीर्तिकर शिंदेंच्या शिवसेनेत आणि मुलगा अमोल ठाकरेंच्या शिवसेनेचा उमेदवार. मुलगा ४८ मतांनी हरला. रावेरात सून रक्षा खडसे भाजपच्या उमेदवार आणि नणंद रोहिणी शरद पवारांच्या पक्षात. अशा घरांत सगळ्यांत कोंडी होते ती ज्याला कुठलीच बाजू घ्यायची नाही त्याची. पवारांच्या घरात ती जागा अजित पवारांच्या मातोश्री आशाताईंची होती. ७ मेच्या सकाळी काटेवाडीत मुलगा आईसोबत मतदानाला आला आणि आई माझ्याबरोबर आहे, असे त्याने सांगितले. त्याच दिवशी ताई त्याच घरी गेल्या, काकींना भेटायला. घरातली वडीलधारी बाई कुणाच्या बाजूने, हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर यायलाच नको होता. तिचे घर दोघांनाही उघडे राहिले, एवढीच बातमी पुरेशी होती.

तीच चूक, दुसऱ्या बाजूने

१८ जूनपर्यंत सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. ऑगस्टमध्ये अजित पवारांनी जाहीरपणे कबूल केले की बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करायला नको होते, राजकारण घरात शिरू द्यायचे नसते. चालू राजकारणात अशी उघड कबुली दुर्मीळ. पण तिच्यामागून काही पाऊल आले नाही. निर्णय पक्षाच्या मंडळाचा होता, असेही त्यांनी सोबत सांगितले. कबुलीला ‘पण’ जोडला की समोरचा फक्त ‘पण’ ऐकतो. ऑक्टोबरात पुतण्या युगेंद्रची उमेदवारी आली. २८ तारखेला अर्ज भरल्यानंतरच्या सभेत अजित पवारांचा कंठ दाटला : माझी चूक मी मान्य केली, आता तीच त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी कन्हेरीच्या सभेत, जिथल्या मारुतीपुढे हे घराणे वर्षानुवर्षे प्रचाराचा नारळ फोडते, शरद पवारांनी रुमाल डोळ्यांना लावून त्याची नक्कल केली. सभेत हशा झाला.

त्या पाडव्याला, २ नोव्हेंबरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन पाडवे झाले : गोविंदबागेत साहेबांचा, काटेवाडीत दादांचा. लोक शुभेच्छा द्यायला रांगेत उभे राहतात ती ही जागा. पुष्कळांनी सकाळी एकीकडे आणि नंतर दुसरीकडे जाऊन दोन्ही ठिकाणी पाया पडून घेतले, आणि १८ दिवसांनी, २० नोव्हेंबरला, मतदानाला गेले.

मतदारांनी वापरलेली पद्धत एवढीच होती की त्यांनी ‘पवार कुणाचे’ हा प्रश्न घेतलाच नाही. दिल्लीला कोण आणि मुंबईला कोण, असे दोन प्रश्न केले. पहिल्यात साहेबांच्या वयाचा मान आणि लेकीचा हक्क राखला, दुसऱ्यात कामाची सवय आणि दादांचा मान. बाप आणि मुलगा दोन बाजूंना असले तरी दोघांनाही सहा महिन्यांत एकदा आपले म्हणता आले. पवारांच्या घरातही हीच वाटणी २०२३ पर्यंत शाबूत होती.

१२ डिसेंबर २०२४ ला शरद पवारांचा वाढदिवस होता. दिल्लीत सहा, जनपथ या त्यांच्या निवासस्थानी अजित पवार आले, सोबत सुनेत्रा पवार आणि मुलगा पार्थ.